फुग्यातली बोली

कॉमिक्स काढायचा छंद लावून घ्या म्हटलं, की उत्तर ठरलेलं असतं: ‘आपला हात चित्राला बसलेला नाही.’ मला हे कधीच पटलं नाही. चित्रपट्टी फसते ती वाकड्या रेषेमुळे क्वचितच. बहुतेक वेळा पात्रं फार बोलतात म्हणून फसते. आणि हात खरोखरच नसेल तर जोडीदार शोधावा. 1991 साली ‘सकाळ’मध्ये सुरू झालेला ‘चिंटू’ चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या दोघांचा होता. चित्रं पंडितांची, डोकं दोघांचं.

दुसरी सबब वेळेची. वसंत सरवटे पेशाने सिव्हिल इंजिनिअर, नोकरी एसीसी या सिमेंट कंपनीत. त्यांनी काढली ती व्यंगचित्रं, पट्ट्या नव्हेत, हे खरं; पण नोकरी सांभाळून रेषेवर आयुष्यभर हुकूमत ठेवता येते याला यापेक्षा मोठा पुरावा नको.

माझा खरा मुद्दा मात्र बिदरसारख्या सीमाभागाबद्दल आहे. 1956 साली जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर आजच्या महाराष्ट्राकडे आले, बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद आजच्या कर्नाटकाकडे राहिले. बोलणं काही त्या रेषेवर थांबलं नाही. घरात आजी ‘काय करलालास?’ म्हणते, शेजारी ‘बर्री’ म्हणून बोलावतात, दुकानात ‘हौ’ आणि ‘नक्को’वर व्यवहार होतो. एकाच माणसाच्या तोंडी दिवसभरात मराठी, कन्नड आणि दख्खनी उर्दू अशा तीन भाषा येतात. पाठ्यपुस्तकाला हे चालत नाही, वर्तमानपत्र ते दुरुस्त करून छापतं, कथालेखक तळटीप देतो. कॉमिक्सच्या फुग्यात मात्र माणूस जसा बोलतो तसाच राहू शकतो, कारण अर्थाचा निम्मा भार चेहऱ्याने आणि हाताने उचललेला असतो. ‘नक्को’ म्हणणाऱ्याची मान कुठे वळली आहे हे दिसलं, की कोश उघडावा लागत नाही.

बिदरला लागून असलेल्या नौबादचंच उदाहरण घ्या. तिथे बहमनी काळातली ‘सुरंग बावी’ आहे. जमिनीखालून उताराने पाणी नेणारा, खडकात खोदलेला बोगदा, आणि त्यावर ठिकठिकाणी उघडणारे विहिरीसारखे झरोके. चौकट आडवी कापा. वरच्या पट्ट्यात टँकरची वाट बघत भांडणारे लोक, प्रत्येक जण आपापल्या भाषेत; खालच्या पट्ट्यात अंधार, पाणी आणि एकही फुगा नाही. ही कल्पना गद्यात सांगायला मला एवढ्या ओळी लागल्या.

अडचणीही इथल्याच. देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार. ओळी दाटल्या की फुगा वाचवत नाही. म्हणून आधी अक्षरं लिहावीत, मग त्यांभोवती फुगा, आणि डोकी सगळ्यांत शेवटी. जो आधी बोलतो तो डावीकडे उभा हवा. पण तीच पट्टी उर्दू लिपीत काढायची ठरली, तर वाचणारा उजवीकडून येणार आणि उत्तर प्रश्नाच्या आधी वाचलं जाणार. सगळ्या चौकटी उलट्या क्रमाने मांडाव्या लागतील. दख्खनी देवनागरीत लिहिणं ही त्यावरची सोयीची तडजोड. ती सगळ्यांना रुचेलच असं नाही.

कुणी म्हणेल, मग शब्दच नकोत. हा आक्षेप वजनदार आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी जन्मलेल्या शि. द. फडणीसांनी शब्दांविना हसवून दाखवलं, आणि ते हसू कोणत्याही भाषेच्या हद्दीत अडलं नाही. पण फडणीसांची ती ताकद नवशिक्याला परवडणारी नाही. शिवाय सगळ्यांना कळावं म्हणून सगळ्यांनीच गप्प बसायचं, हा सौदा मला सीमाभागासाठी महाग वाटतो.

छापणार कोण, ही चिंता करू नये. दिल्लीच्या ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’च्या शरद शर्मांनी रुजवलेली पद्धत साधी आहे: ए-फोर आकाराचे दोन कागद जोडायचे, चार चौकटी, काळं पेन, झेरॉक्स, आणि भिंत. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद इथल्या शाळांनी आणि वाचनालयांनी वर्तमानपत्रांच्या फळ्याशेजारी एक फळा अशा पट्ट्यांसाठी मोकळा ठेवावा. शुद्धलेखन तपासायला मात्र तिथे कुणाला बसवू नये.