फियाट कुणाची?

जुनी गाडी दुरुस्त करताना एक प्रश्न हमखास पडतो. इतके भाग बदलल्यावर ही तीच गाडी राहते का? ग्रीकांनी हा प्रश्न थिसियसच्या जहाजावरून विचारला होता. एकेक कुजलेली फळी काढून नवी बसवत गेलं, तर शेवटी उरतं ते जहाज तेच का? मला मात्र दुसरा प्रश्न जास्त अवघड वाटतो. गाडी कशी राहावी, हे ठरवायचा हक्क कुणाचा? ज्याच्या आठवणी तिच्यात आहेत त्याचा, की जो ती पुढे चालवणार आहे त्याचा?

आमची गाडी 1986 ची प्रीमियर पद्मिनी. मसोलीत तिला सगळे फियाटच म्हणतात, आणि ते चूकही नाही. फियाट 1100 चंच हे भारतीय रूप, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेलं. 1089 सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. मुंबईची काळीपिवळी ती हीच. तिच्यातली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली. माझे चुलते गेले, गाडी वाडीत ताडपत्रीखाली राहिली. समुद्र जवळ, खाऱ्या वाऱ्याने पत्रा खाल्लेला. मी सुट्टीला गावी आलो की त्यांचा पंधरा वर्षांचा नातू आणि मी मिळून तिच्यावर काम करतो. कार्ब्युरेटर उघडतो, पॉइंट घासतो, गंज खरवडतो.

एक दिवस तो म्हणाला, "काका, इंजिन काढून मोटर बसवू या ना. इलेक्ट्रिक."

मला ते आवडलं नाही. त्या इंजिनाचा आवाज म्हणजे माझं लहानपण. पण त्याचा मुद्दा कच्चा नव्हता. डहाणू तालुका 1991 मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. इथे कारखान्यांना कडक नियम लागतात. मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेली आमची गाडी धूर सोडत का फिरावी? 'महिन्यातून एकदाच तर काढायची' हे उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. पण ज्याला आपलं सोडायचं नसतं, तो प्रत्येक जण असंच म्हणतो.

कायदाही इथे मजेशीर आहे. 2021 च्या नियमांनुसार गाडी 'व्हिंटेज' ठरायला पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं व्हावी लागतात, आणि ती मूळ रूपात असावी लागते. म्हणजे आमची गाडी 2036 मध्ये पात्र होईल, पण इंजिन तेच असेल तर. मोटर बसवायची तर मान्यताप्राप्त किट हवं, आरसी बुकात बदल हवा. कायदा दोन्ही वाटा दाखवतो. कुठली योग्य, ते सांगत नाही.

माझ्या कामात जुना कोड रोज भेटतो. लिहिणारा कधीच सोडून गेलेला असतो. तिथे एक शिस्त पाळतात: एखादी ओळ का आहे हे कळेपर्यंत ती काढायची नाही. यात जुन्याची पूजा नाही. कळल्यावर खुशाल काढा. मला वाटतं, मोठ्यांचा हक्क इथवरच आहे. 'समजून घे' असा आग्रह आपण धरू शकतो. 'जपून ठेव' असा नाही. आठवण वारशाने देता येत नाही. त्याचे आजोबा गेले तेव्हा तो तीन वर्षांचा होता. त्या आवाजात त्याला ते ऐकू येणार नाहीत, आणि यावेत म्हणून मी त्याच्यावर जबरदस्ती करणं हा त्याच्यावरही अन्याय आणि त्यांच्यावरही.

उलट बाजूही आहे. पंधराव्या वर्षी आपल्याला जे जुनाट वाटतं, ते पंचविसाव्या वर्षी तसंच वाटेल याची खात्री नसते. कापलेलं इंजिन भंगारात गेलं की परत येत नाही. म्हणून आमचं ठरलंय ते असं: आधी हेच इंजिन पूर्ण उघडून, समजून, चालू करायचं. त्याला लायसन्स अठराव्या वर्षी मिळेल. निर्णय तेव्हा त्याचा. मोटर बसवली तरी इंजिन विकायचं नाही, तेल लावून पेटीत ठेवायचं.

जुनं ते सोनं म्हणतात. असेलही. पण सोनंसुद्धा पुढच्या पिढीच्या हातात दिलं की ते मोडून नवा दागिना घडवायचा हक्क त्यांना द्यावा लागतो. नाहीतर आपण ते दिलंच नाही, फक्त सांभाळायला ठेवलं.