पाण्याखालची बाजू

धाराशिव जिल्ह्यात बसून जहाजाचा नमुना घडवायचा, म्हणजे ऐकणारा आधी हसणारच. समुद्र तीनशेएक किलोमीटर लांब, आणि तेरणा नदीला पाणी असलं तर असलं. पण बाभळीला इथं तोटा नाही, आणि गाडी-औताला बाभूळ वापरणाऱ्या सुताराला हे ऐकून बरं वाटेल की किनाऱ्यावरचे कारागीरही गलबताच्या फासळ्यांसाठी आपसूक वाकलेली बाभूळच हुडकत फिरतात.

डोलकाठी, शिडं, दोऱ्या हे सगळं नंतरचं आणि खरं सांगायचं तर मिरवायचं काम. कस लागतो तो जहाजाच्या पोटाला. थरांची पद्धत त्यातल्या त्यात सोपी. जहाज एकेका उंचीवर आडवं कापलं तर जो आकार दिसेल, त्या आकाराच्या फळ्या कापायच्या आणि फेविकॉलनं एकावर एक बसवायच्या. मग कडेला पायऱ्या दिसतात. त्या रंध्यानं, कानशीनं आणि शेवटी पॉलिश पेपरनं घालवायच्या. पुठ्ठ्याचा साचा लावून उजेडाकडे धरायचा : जिथं पुठ्ठा टेकतो तिथं लाकूड अजून उतरवायचं, जिथून उजेड येतो तिथं हात आवरायचा. डावी बाजू साधते. उजवी तिच्यासारखी करताना जीव मेटाकुटीला येतो. डोळ्याला न दिसणारा उंचवटा बोटाला मात्र कळतो.

अडचण याच्याही आधीची आहे. साचा कापायचा कशावरून? जुन्या जहाजांची चित्रं सापडतात ती बाजूनं काढलेली. सातवाहनांच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे, अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात शिडांचं जहाज आहे. पण पोटाची रुंदी किती, तळ गोल की निमुळता, हे नाणंही सांगत नाही आणि भिंतही. याच अजिंठ्याच्या चित्रावरून गोव्यात ‘कौंडिण्य’ हे नौदलाचं जहाज बांधलं. सप्टेंबर 2023 मध्ये त्याचा कणा बसवला, केरळच्या कारागिरांनी काथ्यानं फळ्या शिवल्या आणि मे 2025 मध्ये ते नौदलात दाखल झालं. मूळ आराखडा कुठेच नव्हता, म्हणून आयआयटी मद्रासमध्ये आधी त्याचा नमुना पाण्यात घालून पारखला. इतक्या मोठ्या कामालाही नमुन्यावाचून गत्यंतर नव्हतं.

इथं मला आपलं तेर गाव आठवतं, संत गोरोबाकाकांचं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचं नाव तगर. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. इथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदराला जायची. पैठणहून अकीक जायचा. नर्मदेच्या मुखाशी राजाच्या चाकरीतले कोळी नावा घेऊन परदेशी जहाजांना वाट दाखवायला उभे असत, असंही त्यात आहे. त्या नावांची नावं टिकली, आकार नाही.

माल नेणाऱ्या जहाजांचाही आकार ठाऊक नाही. तरी माल ठाऊक आहे, आणि मालावरून पोट ताडता येतं. कापडाचे गठ्ठे वजनापेक्षा जागा जास्त खातात, शिवाय भिजून चालत नाहीत; त्यांना रुंद आणि कोरडी जागा हवी. अकीक म्हणजे दगडच, तो तळाशी गेला तर जहाज कलंडायचं भय कमी होतं. तेव्हा तेरचा विणकर आणि भडोचचा नाखवा यांची कधी गाठ पडली नसेल, पण जहाज किती फुगीर असावं यात विणकराचाही शब्द होता, असं मला वाटतं. इतिहासाच्या पुस्तकात बंदरांचं कौतुक फार, गठ्ठे बांधणाऱ्या गावांचं कमी. हा हिशोब मला कधी पटला नाही.

तेरच्या संग्रहालयात असा एखादा नमुना ठेवायला हरकत नाही. ठेवलाच तर मधोमध चिरलेला ठेवावा, खाली अकीक, वर कापड. पाण्यात सोडायला अख्खा नमुना केला आणि प्रमाण पन्नासास एक धरलं, तर एक गोष्ट मात्र सांभाळावी लागेल : लांबी पन्नासपट कमी होते, वजन सव्वा लाखपट. सव्वाशे टनांच्या भरल्या जहाजाचा नमुना एक किलोचा भरायला हवा, तरच तो पाण्यात नेमका तेवढा बुडेल.