आशेची परीक्षा

न्यायदर्शनाने विचारार्ह विषयांची, म्हणजे 'पदार्थां'ची, जी सोळा नावे दिली आहेत त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ संशयाला स्थान आहे. जे सर्वथा अज्ञात आहे किंवा जे आधीच निश्चित झाले आहे त्याविषयी परीक्षा सुरू होत नाही, ती केवळ संशयित गोष्टीविषयीच होते, असे भाष्यकार वात्स्यायनाचे म्हणणे आहे. मात्र असंख्य संशयित गोष्टींपैकी कोणत्या गोष्टीसाठी आयुष्याची वर्षे वेचावीत हे संशय सांगू शकत नाही, आणि म्हणूनच की काय, त्या यादीत संशयानंतर लगेच 'प्रयोजन', म्हणजे ज्याच्या ओढीने मनुष्य प्रवृत्त होतो ते, येते.

ही ओढ आणि तो संशय एकाच व्यक्तीत कसे नांदतात याचे मराठी उदाहरण म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर. जीवनाची बीजे अंतराळातून पृथ्वीवर येत असावीत, हे त्यांचे गुरू फ्रेड हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांचे मत बहुतेक शास्त्रज्ञांनी मान्य केले नव्हते. तरीही नारळीकरांच्या नेतृत्वाखालील प्रयोगात 20 एप्रिल 2005 रोजी हैदराबादहून सोडलेल्या प्रचंड बलूनमधून, द्रवरूप निऑनने थंड ठेवलेल्या निर्जंतुक पोलादी नळ्यांत, 20 ते 41 किलोमीटर उंचीवरील हवा गोळा करण्यात आली. हैदराबाद आणि पुणे येथील दोन प्रयोगशाळांतील तपासणीत जिवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती आढळल्या, त्यांतील तीन जिवाणू पूर्वी अज्ञात होते, आणि 2009 मध्ये त्यांना हॉईल, इस्रो व आर्यभट यांची नावे मिळाली. त्यांचे मूळ पृथ्वीबाहेरचे आहे असे यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हेही त्याच वेळी जाहीर करण्यात आले.

ज्या दाव्याची नारळीकरांना स्वतःला ओढ नव्हती त्यालाही त्यांनी परीक्षेची संधी नाकारली नाही. सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह 2008 मध्ये केलेल्या चाचणीत शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्यांपैकी चाळीस कुंडल्या प्रत्येक ज्योतिषाला देऊन केवळ वर्गवारी विचारण्यात आली. सत्तावीस ज्योतिषांच्या उत्तरांची सरासरी अचूकता 46 टक्के, म्हणजे नाणेफेकीहून किंचित कमीच, निघाली.

येथे एक विषमता लपवता येत नाही. ज्योतिषाच्या चाचणीत हार कशाला म्हणायचे हे आधीच ठरले होते, तर बलूनच्या प्रयोगात एकही जिवाणू मिळाला नसता तरी नमुना अपुरा पडला असे म्हणण्यास वाव उरला असता. शिवाय पृथ्वीवरील बहुसंख्य सूक्ष्मजीवांची अद्याप नोंदच झालेली नसल्याने 'नवा' याचा अर्थ 'परका' असा होत नाही, आणि आर्यभटाच्या नावाचा जिवाणू तर पुढे जमिनीवरील मातीतही सापडला. पेशीतील कार्बनच्या समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचे, प्रमाण पृथ्वीवरील जीवांहून वेगळे निघाले तर परकेपणाला बळकट पुरावा मिळेल. परंतु प्रयोगशाळेत वाढवलेली पेशी तेथील अन्नातलाच कार्बन घेते, त्यामुळे ही कसोटी लावायची तर आकाशातून मिळालेली मूळ पेशी, न वाढवता, जशीच्या तशी हाती यावी लागते.