सूत्र आणि प्रसंग

घनसावंगीत रात्री मी एआयसोबत गोष्ट रचते: जांब समर्थची एक मुलगी, गोदावरीने नेलेला तिचा भाऊ. गोष्ट लांबली की यंत्राला मागचं आठवत नाही. स्मरणटिपा द्याव्या लागतात. 'ती हळवी आहे' ही टीप वाया जाते. 'पुरात भाऊ वाहून गेला, तेव्हापासून ती नदीत उतरत नाही' ही टिकते.

स्मरण कशाचं करायचं, वचनाचं की प्रसंगाचं? महानुभाव पंथाला हा प्रश्न फार आधी पडला. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी अनुयायी म्हाइंभटांनी माणसं गाठून लीळाचरित्रात जमवल्या. दुसरे अनुयायी केसोबास यांनी स्वामींची वचनं वेचून सूत्रपाठ रचला. पण सुटं सूत्र मुकं पडतं, म्हणून ते कोणत्या प्रसंगी निघालं हे सांगणारं 'प्रकरणवश'ही पंथाने जपलं. मला ही श्रद्धेची फार मोठी समज वाटते. टिपेत मी आधी प्रसंग लिहिते, मग त्या मुलीचं एखादं वाक्य, जसंच्या तसं.