जिंकलेल्या पैशाचा हिशेब

जुगार हराम आहे, हे आमच्या शाळेतला पाचवीचा मुलगाही सांगेल. पण तो का हराम आहे, असे विचारले की मोठी माणसेही अडखळतात. कुणी म्हणतो, पैसे बुडतात म्हणून. कुणी म्हणतो, नशिबावर विसंबून माणूस आळशी होतो म्हणून. मग ज्याचे पैसे बुडत नाहीत, उलट जो जिंकतो, आणि नशिबावर नव्हे तर अक्कलहुशारीवर जिंकतो, त्याला काय सांगायचे? हा प्रश्न आम्हाला एखाद्या किताबात सापडला नाही. तो आमच्या भाच्याने आमच्यासमोर ठेवला.

आम्ही पुण्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवतो. आमच्या आपाचे सासर मुळशी तालुक्यात, पौडजवळ. दिवाळीच्या सुट्टीत दोन-चार दिवस तिच्याकडे जातो. भाचा हिंजवडीला आयटीत नोकरी करतो. गेल्या खेपेस आपाने आम्हाला मागच्या पडवीत नेले, नवे वॉशिंग मशीन दाखवले आणि हळूच म्हणाली, "हे पगारातलं नाही रे, पत्त्यांतलं आहे. यात धुतलेल्या कपड्यांवर नमाज होते का?"

भाच्याने काहीच लपवले नाही. "मामू, हा जुगार नाही, पोकर आहे. डोक्याचा खेळ आहे. आधी शिकून घ्या, मग फतवा द्या." शिक्षकाला ही अट नाकारता येत नाही. रात्री जेवणे झाल्यावर आम्ही पत्त्यांचा जोड आणि वाटीभर चिंचोके घेऊन बसलो.

ज्याला तीन पत्ती येते त्याला पोकर अवघड नाही. तीन पत्तीत ५२ पानांतून तीन पाने मिळतात, त्यांच्या २२,१०० जुळण्या होतात. पोकरचा हात पाच पानांचा. त्याच्या जुळण्या २५,९८,९६०. कोणता हात मोठा हे कुणाच्या मर्जीने ठरलेले नाही, जो दुर्मीळ तो मोठा. एकाच रंगाची ओळीने पाच पाने फक्त ४० प्रकारे येतात, म्हणून ती सर्वांच्या वर. मग चार सारखी, ६२४ प्रकारे. तीन सारखी आणि एक जोडी मिळून फुल हाउस, ३,७४४. नुसता एक रंग ५,१०८, नुसती ओळ १०,२००. त्यामुळे पोकरमध्ये रंग ओळीच्या वर बसतो. तीन पत्तीत मात्र ओळ रंगाच्या वर, कारण तीन पानांत ओळ ७२० प्रकारे जुळते आणि रंग १,०९६ प्रकारे. हे पाहून आमच्यातला गणिताचा मास्तर खूश झाला, हे कबूल केले पाहिजे.

खेळाचे प्रकारही त्याने सांगितले. जुन्या 'ड्रॉ'मध्ये प्रत्येकाला पाच पाने मिळतात, नको ती बदलून घेता येतात. 'स्टड'मध्ये काही पाने झाकलेली, काही उघडी. सध्या सर्वांत चालतो तो 'टेक्सास होल्डेम'. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेली पाने आणि मधे सर्वांसाठी पाच उघडी. आधी तीन, मग एक, मग आणखी एक. दर टप्प्याला पैसे लावायचे, वाढवायचे, नाहीतर पाने टाकून द्यायची. 'ओमाहा'त हातात चार पाने, पण त्यातली नेमकी दोनच वापरायची. सर्वांत हलका हात जिंकतो असाही प्रकार आहे. तीन पत्तीत त्याला 'मुफलिस' म्हणतात. उर्दूत मुफलिस म्हणजे कंगाल. खेळणाऱ्यांनी नाव नेमके निवडले आहे.

खरी गंमत पानांत नाही, हूल देण्यात आहे. हातात काही नसताना मोठी रक्कम लावायची. समोरचा घाबरून पाने टाकतो. मध्यरात्रीपर्यंत आमचे सगळे चिंचोके भाच्याकडे गेले. आम्ही विचारले, "तुला कळतं कसं?" तो हसला. "मामू, चांगली पाने आली की तुम्ही चष्मा वर सरकवता." म्हणजे तो पत्ते खेळतच नव्हता, आम्हाला खेळत होता. यात कौशल्य आहे, हे आम्ही मान्य केले.

कायदाही त्याला पाठ होता. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. निव्वळ कौशल्याच्या खेळांना तो लागू होत नाही. १९६८ मध्ये आंध्रच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला आणि तीन पत्तीला नशिबाच्या बाजूला ठेवले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा मात्र कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला सारला. मोबाईलवरचे पैशांचे पोकर बंद पडले. आता भाचा शनिवारी रात्री धरणाच्या बाजूला एका मित्राने भाड्याने घेतलेल्या बंगल्यावर जातो.

आम्ही विचारले, "तू जिंकतोस, तर हरतो कोण?"

"असतो एक जण. आम्ही त्याला बकरा म्हणतो. रस्त्याला लागून जमीन होती, ती विकली त्याने. तो आला नाही तर टेबलच बसत नाही. आमच्या आमच्यात खेळून काय मिळणार?" बोलता बोलता त्याचे हसू जरा कमी झाले.

मुळशीत राहणाऱ्याला या बकऱ्याची ओळख वेगळी करून द्यायला नको. आंबेमोहोर पिकणाऱ्या खाचरांचे प्लॉट झाले, प्लॉटवर बंगले आले. रस्ता कुठून जाणार, भाव कुठे चढणार हे घेणाऱ्याला ठाऊक असायचे, विकणाऱ्याला नसायचे. एकाची पाने उघडी, दुसऱ्याची झाकलेली. अशा आंधळ्या व्यवहाराला फिक्हमध्ये गरर म्हणतात. पाण्यातली मासळी, आकाशातला पक्षी विकण्याचे दाखले त्यासाठी दिले जातात. तो माणूस एकदा जमिनीच्या सौद्यात हरला. आता त्याच जमिनीचे पैसे घेऊन दुसऱ्यांदा हरायला बसतो.

इथे आम्हाला वाटले की कौशल्याचा युक्तिवाद उलटा फिरतो. नाणे उडवून पैज लावली तर दोघे निदान सारखे तरी असतात. पण जिथे कौशल्य आहे तिथे कुशल माणसाला आधीच माहीत असते की शेवटी कोण रिकाम्या खिशाने उठणार. मग कौशल्याने गुन्हा हलका कसा होतो? तो जड होतो.

भाचा सहज ऐकणारा नाही. म्हणाला, "कौशल्याचे पैसे तर शिंपीही घेतो, डॉक्टरही घेतो." खरे आहे. पण शिंप्याच्या कौशल्यातून गिऱ्हाइकाला सदरा मिळतो. पोकरच्या टेबलावर जेवढे पैसे येतात तेवढेच उठून जातात, फक्त खिसे बदलतात. तो म्हणाला, "पण तो राजीखुशीने येतो." आम्ही विचारले, "'तू आमच्याकडून हरणारच आहेस, म्हणून आम्ही तुला बोलावतो,' असे त्याला तोंडावर सांगितले तर तो राजी राहील?" भाचा चिंचोके चाळवत बसला.

इस्लामपूर्व अरबांचा मैसिर आठवतो. उंट कापायचे, बाणांनी हिस्से काढायचे आणि जिंकलेले मांस बऱ्याचदा गरिबांना वाटून टाकायचे. टंचाईच्या दिवसांत ती दानत समजली जाई. सूरह बकरामध्ये त्यातला फायदा नाकारलेला नाही, गुनाह फायद्याहून मोठा आहे असे म्हटले आहे. पुढे सूरह माइदामध्ये मनाई आली, तेव्हा कारण दिले ते माणसामाणसांत पडणाऱ्या वैराचे आणि अल्लाहचे स्मरण सुटण्याचे. नशीब की कौशल्य, हा मुद्दा तिथे नाहीच. ज्या जुगारात जिंकणारा स्वतः घासही खात नव्हता तोही थांबवला गेला. मग वॉशिंग मशीनची कथा काय?

"ठीक आहे, सोडतो. तौबा करतो," भाचा म्हणाला. आम्ही मास्तरकीच्या सुरात सांगू लागलो की तौबेने अल्लाहचा हक्क माफ होतो. हुकूकुल इबाद, म्हणजे बंद्यांचे हक्क, ज्याचे त्यानेच माफ करायचे असतात. "म्हणजे पैसे परत करायचे?" त्याने विचारले. आणि आमची जीभ अडली.

कारण आम्हीही कधी तरी जिंकलो होतो. बी.एड.ला असताना वसतिगृहात, तीन पत्तीत, खोलीतल्या मित्राकडून ६४० रुपये. ते त्याचे मेसचे पैसे होते. तो महिना त्याने एक वेळ जेवून काढला. आम्ही मात्र त्या पैशांची पुस्तके घेतली आणि त्यांतली काही आजही आमच्या कपाटात आहेत. पैसे लावून पुन्हा कधी खेळलो नाही, एवढ्यावर आम्ही स्वतःला नेक समजत आलो होतो.

पुण्याला परतल्यावर मित्राचा नंबर मिळवला. पैसे पाठवले आणि फोन केला. तो हसला. "अरे, खेळात गेलेले पैसे परत कसले?" मग थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "तुला तेव्हा माहीत होतं ना, ते मेसचे होते?"

आम्ही हो म्हणालो. त्यानंतर मुलाबाळांची चौकशी झाली, सलाम-दुआ झाली. माफ केले असे तो म्हणाला नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

कपडे पाक होतात की नाही, हे आपाला आलिमच सांगतील. भाच्याला आम्ही फक्त हा फोन जसाच्या तसा सांगितला. त्याने विचारले, "मामू, एवढ्या वर्षांनी पैसे देऊन हिशेब मिटला का?" आम्ही म्हणालो, "पैशांचा मिटला."