करिता

कामठीला आमचे एक दूरचे मामू राहतात. रेल्वेतून निवृत्त झाले आहेत. कामठी 1821 पासून छावणीचे गाव. तिथे कुणाच्या ना कुणाच्या पेटीत एखादा लष्करी कागद निघतोच. मामूंचा शौक मात्र जरा निराळा. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन अफसरांच्या सह्या आणि नोकरीचे कागद ते गोळा करतात. मूळ कागद घेणे पेन्शनरला परवडण्याजोगे नाही, म्हणून बहुतेक छायाप्रती. ईदच्या दुसऱ्या दिवशी शीरखुर्मा संपला की ते भिंग आणि फाईल घेऊन बसतात.

त्या काळचे पुष्कळ जर्मन कुर्रेंट नावाच्या वळणात लिहीत. 1941 मध्ये सरकारनेच शाळांतून ते बंद केले. आज खुद्द जर्मन तरुणालाही ते वाचता येत नाही. आपल्याकडे मोडीचे आणि शिकस्ताचे जे झाले तेच. आजोबांचे मोडीतले खरेदीखत आमच्या घरात आहे; कुणालाही वाचता येत नाही, पण सही कुठे आहे ते सगळ्यांना कळते. मामूंचेही तसेच. मजकूर अडतो, सही लागते.

प्रत्येक जर्मन सैनिकाच्या खिशात 'झोल्डबुख' नावाची पुस्तिका असे. पगार, बढती, लस, दवाखाना, मिळालेले कपडे, रजा, पदके, सगळ्याला रकाना. प्रत्येक नोंदीखाली अफसराची सही आणि शिक्का. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा आम्हाला आमची सेवापुस्तिका आठवली. तिला आमच्या घरात थट्टेने आमालनामा म्हणतात. नेमणूक, वेतनवाढ, अर्जित रजा, पडताळणी. माणूस सेवेत असताना त्याने काय केले, याचा रकाना तिच्यातही नाही आणि त्या पुस्तिकेतही नाही.

एक दिवस मामूंनी सह्यांच्या वरची दोन बारीक अक्षरे दाखवली. 'इ. आ.' म्हणजे इम आउफट्राग, 'आदेशावरून'. दुसऱ्या कागदावर 'फ्यूर दी रिश्टिगकाइट', म्हणजे नक्कल बरोबर असल्याची खात्री. आम्ही हसलो. हे तर आपलेच! 'सत्यप्रत' आणि 'करिता'. शिक्षणाधिकारी करिता, मुख्याध्यापक करिता. सही एकाची, नाव दुसऱ्याचे.

मग मामूंनी नूर इनायत खानचे पान उघडले. वाचकांना नूर ठाऊक असेलच. वडील हजरत इनायत खान बडोद्याचे, सयाजीरावांच्या पदरी असलेल्या मौलाबख्श घराण्याचे नातू. नूर 1914 साली मॉस्कोत जन्मली आणि पॅरिसजवळ वाढली. जून 1943 मध्ये ती ब्रिटिशांची वायरलेस ऑपरेटर म्हणून फ्रान्समध्ये उतरली. ऑक्टोबरमध्ये पकडली गेली. नोव्हेंबरमध्ये तिला जर्मनीत नेले आणि प्फोर्त्सहाइमच्या तुरुंगात दहा महिने साखळदंडात ठेवले. 13 सप्टेंबर 1944 रोजी डाखाउच्या छावणीत आणखी तीन स्त्रियांसह गोळी घालून तिला मारले.

हे आपल्याला आज इतके नेमके ठाऊक आहे ते कुणीतरी कागद आणि माणसे हुडकली म्हणून. नूरच्याच खात्यातली वेरा अ‍ॅटकिन्स युद्धानंतर जर्मनीत गेली. शंभराहून अधिक हेर बेपत्ता होते. ती तुरुंगांची रजिस्टरे चाळत आणि पकडलेल्या जर्मन अफसरांना विचारत फिरली. तिचीही एकदा चूक झाली. नूर नाट्सवायलर छावणीत मारली गेली, असा निष्कर्ष तिने काढला होता. तिथे मेलेली स्त्री दुसरीच होती. 1947 मध्ये ती चूक सुधारली. पॅरिसमध्ये नूर ज्याच्या ताब्यात होती, तो अफसर हान्स कीफर तिचे काय झाले हे ऐकून रडला म्हणतात. त्याचे रडणे खरे असेलही. पण तिला जर्मनीत धाडणाऱ्या यंत्रणेत तोही होता.

नूरला ज्या वर्गात ठेवले होते त्याचे नाव 'रात्र आणि धुके'. अशा कैद्याचा पत्ता कुणाला द्यायचा नाही, घरच्यांनाही नाही. 7 डिसेंबर 1941 च्या या हुकमावर फील्डमार्शल कायटेलची सही आहे. न्यूरेंबर्गला त्याचे म्हणणे असे की इच्छा हिटलरची होती, आपण हुकमाचे ताबेदार. न्यायालयाच्या सनदेत कलम 8 होते: वरिष्ठाचा हुकूम म्हणून सुटका नाही, फार तर शिक्षेत सवलत. त्याला ती मिळाली नाही. 16 ऑक्टोबर 1946 रोजी तो फाशी गेला.

कायटेलपेक्षा आम्हाला मानश्टाइनने जास्त अस्वस्थ केले. 20 नोव्हेंबर 1941 चा, ज्यूंविरुद्ध कठोर व्हायला सांगणारा त्याचा हुकूम न्यूरेंबर्गला त्याच्यासमोर ठेवला गेला. तो म्हणाला, हा हुकूम आपण पार विसरलो होतो. खोटे बोलत होता, असे मामू ठासून सांगतात. आम्हाला तितकी खात्री नाही. आम्हाला भीती वाटते ती तो खरे बोलत असण्याची. माणसे मरतात आणि सही करणाऱ्याच्या लक्षातही राहत नाही!

भीती का वाटते, ते सांगायला हवे. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा शाळेत नवे होतो. मुख्याध्यापक रजेवर, ज्येष्ठ शिक्षक निवडणुकीच्या प्रशिक्षणाला. लिपिकाने बोनाफाईडचा गठ्ठा पुढे ठेवला. "सर, करिता म्हणून मारून द्या." दहा-बारा असतील. जनरल रजिस्टर शेजारच्या कपाटात होते, उठलो असतो तर चार पावले. उठलो नाही. सही मारली, शिक्का मारला. त्यातल्या एकावर नववीतल्या मुलीचे जन्मवर्ष दोनने मागे नेलेले होते. महिनाभरात ती शाळेतून गेली. काझीसाहेबांनी वयाचा पुरावा मागितला होता आणि तो आमच्या सहीने दिला गेला. कायद्याने मुलीचे वय अठरा हवे; तिचे कागदावर अठरा झाले, रजिस्टरात सोळाच राहिले.

कळले तेव्हा आम्ही मुख्याध्यापकांकडे गेलो. ते म्हणाले, "जाने दो, घर की मर्जी थी." लिपिक म्हणाला, सही तुमची. बाप म्हणाला, दाखला शाळेचा. आम्ही स्वतःशी म्हणालो, सही मुख्याध्यापक करिता. प्रत्येकाचे वाक्य खरे होते आणि मुलगी सासरी गेली होती. पुढे पोलिसांत किंवा शिक्षण विभागात आम्ही काही कळवले नाही. तेही लिहिलेच पाहिजे.

कुठे कायटेल आणि कुठे नागपुरातला एक उर्दू शाळेचा मास्तर, असे वाचक म्हणतील. बरोबर आहे. तोलामोलाची बरोबरी आम्ही करत नाही. तशी करणे म्हणजे नूरच्या साखळदंडांची थट्टा होईल. पण 'करिता' हा शब्द लिहिताना हात जसा हलका होतो, तो हलकेपणा आम्हाला ओळखीचा आहे. नाव दुसऱ्याचे असले की बोटे आपली वाटत नाहीत. मामू म्हणतात, "मियाँ, तुम बहुत सोचते हो. दस्तखत तो दस्तखत है." तेच तर!

बर्लिनच्या ज्या कार्यालयात 1 कोटी 80 लाखांवर जर्मन सैनिकांच्या नोंदी होत्या, ते 2019 मध्ये त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागारात विलीन झाले. नातवंडे तिथे अर्ज करतात: आजोबा कुठे होते, कोणत्या तुकडीत होते. आमची सेवापुस्तिकाही एक दिवस कुठल्यातरी कपाटात जाईल. त्या दिवसाच्या पानावर काहीच नसेल, कारण आम्ही हजर होतो.

यंदा जूनमध्ये प्राथमिक विभागाच्या प्रवेशाला बसलो होतो. ती समोर आली, सहा वर्षांच्या मुलीचा हात धरून. आम्ही ओळखले, तिनेही. आईच्या आधार कार्डावर तेच साल होते, आम्ही सही केलेले. आम्ही उठून कपाटातून जुने जनरल रजिस्टर काढले, तिचे पान उघडले. निळ्या शाईत तारीख जशीच्या तशी होती. दुरुस्तीचा अर्ज कसा करायचा ते सांगू लागलो. ती थोडा वेळ पानाकडे पाहत राहिली.

"वो रहने दो, सर," ती म्हणाली आणि महापालिकेचा जन्मदाखला पुढे सरकवला. "बच्ची की तारीख बराबर लिखना."