वणवा आणि घरधनी

आमचे एक आतेभाऊ ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया राज्यांत, डोंगराच्या उतरणीवर घर बांधून राहिले आहेत. कांहीं वर्षांपूर्वीं त्यांच्या शेजारच्या दरींत वणवा पेटला. भोंवतालचीं कुटुंबें मुलें, कागदपत्रें आणि कुत्रीं गाडींत घालून निघून गेलीं. हे मात्र पत्नी व मुलगा यांसह मागें राहिले. छपरावर पडणाऱ्या ठिणग्या तिघांनीं रात्रभर विझविल्या, पहाटे वारा फिरला आणि घर वांचलें. पुढें ते इकडे आले असतां ही हकीकत त्यांनीं मोठ्या रंगांत येऊन सांगितली. "वहिनी, तुम्हांला भीति नाहीं वाटली?" असें आम्हीं सहज विचारलें. वहिनी म्हणाल्या, "भीतीचें राहूं द्या. राहायचें कीं जायचें, हें मला कोणी विचारलेंच नाहीं."

हें वाक्य आमच्या मनांतून अद्यापि जात नाहीं.

घर राखण्यासाठीं मागें राहणारा मनुष्य वेडा, असें म्हणणें अन्यायाचें होईल. वणवा म्हणजे ज्वाळांची भिंत, ती येते आणि घर गिळते, अशी आपली समजूत असते. वस्तुतः पुष्कळशीं घरें ज्वाळांच्या पुढें धांवणाऱ्या ठिणग्यांनींच पेटतात. तिकडील निलगिरीच्या जातीच्या वृक्षांच्या सालीचे जळते तुकडे वाऱ्यावर कित्येक मैल जातात. छपराच्या फटींतून, पन्हळींत सांचलेल्या पाचोळ्यांतून विस्तव आंत शिरतो. मुख्य आग बहुधा थोड्या मिनिटांत पुढें निघून जाते. बादली घेऊन उभा असलेला माणूस तो निखारा विझवूं शकतो. गेलेल्याचें घर तेवढ्यानें जातें. शिवाय उशिरां पळणें हें तर फारच घातक. धुरानें भरलेल्या रस्त्यावर गाडी अडकली, तर ज्वाळा पोंचण्यापूर्वींच केवळ आंचेनें माणूस मरतो. १९८३ च्या फेब्रुवारींत व्हिक्टोरिया व दक्षिण ऑस्ट्रेलिया मिळून एका वणव्याच्या प्रकोपांत ७५ माणसें दगावलीं. असल्या अनुभवांतूनच तेथील अग्निशामकांचा उपदेश दृढ झाला: एक तर पुरी तयारी करून थांबा, नाहीं तर लवकर निघा.

उपदेश शहाणपणाचा होता. परंतु ७ फेब्रुवारी २००९ हा दिवस उजाडला. मेलबर्न येथें उष्णता ४६.४ अंशांवर गेली. सायंकाळीं वारा नैर्ऋत्येकडून वाहूं लागला, आणि आगीची जी लांबच लांब बाजू होती तीच तिचें तोंड बनली. त्या दिवसाच्या वणव्यांत १७३ माणसें मेलीं, त्यांतील निम्म्याहून अधिक घरांच्या आंत. पुढें सरकारनें नेमलेल्या चौकशी आयोगानें २०१० सालीं आपला अहवाल दिला. घरधन्याचा थांबण्याचा हक्क त्यानें काढून घेतला नाहीं. पण लवकर निघणें हाच सर्वांत सुरक्षित मार्ग, असा निर्वाळा दिला. आणखी एक गोष्ट त्या चौकशींत दिसून आली. पुष्कळ लोकांनीं थांबण्याचें ठरविलें नव्हतें आणि जाण्याचेंहि ठरविलें नव्हतें. काय होतें तें पाहूं, एवढाच त्यांचा बेत होता.

आमच्या मतें नीतीचा प्रश्न आहे तो येथें. स्वतःच्या घरांत राहूं इच्छिणाऱ्या मालकास बळजबरीनें बाहेर काढण्याचा अधिकार तेथील कायदा सहसा पोलिसांस देत नाहीं. तो देऊं नये, असेंच आम्हांसहि वाटतें. "माझा जीव, माझें घर" हें म्हणणें एकट्या माणसाच्या तोंडीं खोटें नाहीं. (त्याच्यासाठीं धुरांत शिरणाऱ्या स्वयंसेवकाचा जीव मात्र त्यानें हिशेबांत धरावा.) परंतु हक्क असतो तो निर्णयाचा, आणि येथें निर्णय झाला होता काय? आतेभावांस आम्हीं खोदखोदून विचारलें. दुपारीं धूर दिसला, तेव्हां ते "जरा पाहूं" म्हणाले, शेजारी निघाले, तेव्हां "घाई कशाला?" म्हणाले, आणि रस्ता बंद झाल्याचें कळलें, तेव्हां ते शूर झाले. वहिनींना कोणी विचारलें नाहीं, कारण विचारण्यासारखें कांहीं ठरलेंच नव्हतें. मुलगा त्या वेळीं अकरा वर्षांचा होता.

हें आम्हीं बोलून दाखविल्यावर आतेभाऊ चिडले. "घर वांचलें कीं नाहीं?" असें त्यांनीं विचारलें. वांचलें खरें, पण वारा फिरला नसता तर हाच प्रश्न विचारावयास कोण उरलें असतें? हें मात्र आम्हीं बोललों नाहीं. पाहुण्याचा मान राखावा लागतो, आणि रात्रभर पाण्याची नळी धरून उभे राहिलेल्या माणसाचाहि.

आतां तिकडे भयंकर उष्णतेचा दिवस जाहीर झाला, कीं वहिनी आणि मुलगा सकाळींच शहरांत वहिनींच्या बहिणीकडे जाऊन राहतात. आतेभाऊ काय करणार, हें त्यांनीं अजून कोणास सांगितलेलें नाहीं. वहिनींनीं त्यांचे कपडे भरून एक पिशवी दाराशीं ठेविली आहे.